बिनऔषधाची डबी

बोकडाच्या कानाची कातडी माणसाच्या कातडीच्या बरीच जवळ जाते, हे मला नोकरीला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं. निपाणीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, मलमं आणि जेल तयार करणारी एक लहान कंपनी आहे. बेळगावात फार्मसीचं शिक्षण संपवून मी तिथल्या संशोधन विभागात लागले. विभाग म्हणजे दोन खोल्या, चार माणसं आणि एक घरघरणारा फ्रीज. दुखणं थांबवणारं औषध पोटात न घालता कातडीतून आत कसं पोचवायचं, एवढंच आमचं काम.

कान आणायची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण माझ्या वाटेवर मटणाचं दुकान होतं. बेळगावातल्या आमच्या वडगावातून बसस्टँडला जाताना मी स्टीलचा डबा घेऊन तिथं थांबायची.

"कान कोण खात न्हाय, ताई," खाटीक पहिल्या दिवशी म्हणाला. "कुत्र्याला पायजेत व्हय?"

"कामाला पायजेत," मी म्हणाले. त्यानं पुढं विचारलं नाही, पण त्यानंतर मला बघितलं की इतर गिऱ्हाईकं थोडी बाजूला सरायची.

कंपनीत पोचलं की कानाचे केस बारीक कापायचे, आतल्या मऊ हाडावरून, म्हणजे कूर्चेवरून, कातडी अलगद सोडवायची आणि रुपयाएवढा तुकडा काचेच्या दोन पेल्यांच्या मधे घट्ट बसवायचा. वरच्या पेल्यात आमचं जेल. खालच्या पेल्यात मिठाचं पाणी, अंगाइतकं कोमट, आणि त्यात फिरत राहणारं इवलंसं लोहचुंबक. दर अर्ध्या तासानं खालचं पाणी थोडं काढून तपासायचं, औषध किती उतरलं ते. वेळ वहीत लिहायची. बोकड आदल्या दिवशी कापलेला असायचा, पण कातडी आपलं काम करत असायची. काय आत सोडायचं, काय बाहेर ठेवायचं, ते ती जिवंतपणी करायची तसंच.

"कातडीला मेल्याचं लगेच कळत नाही," आमचे साहेब म्हणायचे. ते धारवाडकडचे, मराठी सावकाश आणि कानडी हेलात बोलायचे. विनोद म्हणून म्हणत असावेत. मला हसू आलं नाही.

जेल करणं त्या मानानं सुंदर काम होतं. पाण्यावर पांढरी पूड भुरभुरवायची, ती फुगेपर्यंत वाट बघायची आणि मग दुसऱ्या द्रावाचे दोन-चार थेंब टाकून ढवळायचं. इतका वेळ पाणी असलेलं ते एकदम घट्ट होतं आणि चमच्याला चिकटून उभं राहतं. आत अडकलेले बुडबुडे आहेत तिथं थांबतात. सोमवारी अडकलेला बुडबुडा शुक्रवारी तिथंच दिसायचा. आम्ही प्रत्येक वेळी दोन डब्या भरायचो. एकीत औषध घातलेलं जेल, दुसरीत नुसतंच. दिसायला, वासाला, हाताला दोन्ही सारखंच. औषधानं खरंच काही केलं की नाही, हे त्या बिनऔषधाच्या डबीशी ताडूनच कळतं.

आता आप्पांचं सांगते.

आप्पा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमचं घर एकत्र. पुढच्या मोठ्या खोलीत चार पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. आप्पांना आणि काकूंना मूल नाही. मी दोघांच्याही अंगाखांद्यावर वाढले. आप्पांचा हात साडीवर फिरला की चूक कुठं आहे ते सापडायचं. डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांना कळायचं.

मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा उजवा हात गेला. तिसऱ्या मागावर हिरवा धागा तुटला. माग न थांबवता ते गाठ मारायला वाकले, असं तीस वर्षं करत आलेले, आणि सदऱ्याची बाही मोटारीच्या पट्ट्यात सापडली. मी तेव्हा कॉलेजात होते. घरी आले तर माग बंद होते आणि चारही मागांवर अर्ध्या साड्या तशाच. इस्पितळात कोपराच्या थोडं खाली हात काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका कारकुनानं बाबांना बोलावून विचारलं, "हाताचं काय करताय? तुमी नेताय, का आमी बघू?"

बाबांना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सही केली. काकूंनी आपल्या जुन्या साडीचा तुकडा दिला, त्यात तो गुंडाळला, आणि पिशवी स्कूटरवर पायांशी ठेवून बाबा कंग्राळीला गेले. कंग्राळी काकूंचं माहेर. तिथं त्यांच्या भावाच्या शेताच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली त्यांनी तो पुरला. कुणी उघडून बघितलं नाही.

जखम भरली. पण हात गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी आप्पांचा हात दुखायला लागला. गेलेला हात.

सकाळी माग सुरू झाले की त्यांचा चेहरा बदलायचा. ते भिंतीला पाठ लावून बसायचे आणि रिकाम्या बाहीकडं बघत राहायचे. "आवळलाय गं," ते म्हणायचे. "मूठ आवळलीय. नखं तळव्यात गेल्यात. उघडाय येत न्हाय." एकदा मी विचारलं, मुठीत काय आहे? मी असं का विचारलं, मला ठाऊक नाही. ते लगेच म्हणाले, "धागा हाय की. गाठ मारायची ऱ्हायली."

गोळ्या झाल्या. त्यांनी आप्पांना झोप यायची आणि झोपेतही डावा हात उजवीकडं जाऊन हवेत काहीतरी सोडवत असायचा. काकू ते बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

मी कोणतं काम करते हे आप्पांना मीच सांगितलं होतं. कानाची कातडी, काचेचे पेले, सगळं. ते नीट ऐकून घ्यायचे, कारण बारीक कामाची त्यांना कदर होती. एका संध्याकाळी मी बसवरून दमून आले होते, तेव्हा ते म्हणाले, "तुझं औषध कातडीतनं आत जातंय म्हणतीस न्हवं?"

"व्हय, आप्पा."

"मग जिथं कातडीच न्हाय, तिथं कसं जाईल गं?"

मी म्हणाले, उरलेल्या हाताच्या टोकाला लावून बघता येईल, पण आमचं जेल अजून माणसांवर वापरायचं नाही. डॉक्टरांना विचारूया.

"डाक्टर झाले," आप्पा म्हणाले. "तू आण. तू केलेलं आण."

मी दोन आठवडे टाळलं. कंपनीतून नमुना बाहेर नेणं चूक होतं आणि औषध घातलेला नमुना घरच्या माणसाला लावणं त्याहून मोठी चूक. मग मला वाटलं, बिनऔषधाची डबी नेली तर? त्यात पाणी, ती पांढरी पूड आणि टिकायला काय लागतं तेवढंच. त्यानं अपाय व्हायचा नाही. आप्पांचं मन राहील. खोटं बोलावं लागेल एवढंच. एका शनिवारी मी ती डबी पर्समध्ये टाकली. बसमध्ये सबंध वाट पर्स मांडीवर धरून बसले होते. यमकनमर्डीजवळ पर्स गार लागली म्हणून मी बघितलं, तर डबी कधीच कोमट झाली होती. घरी येऊन ती फ्रीजमध्ये ठेवली.

रविवारी दुपारी घरात शांतता होती. आमचे माग बंद, शेजारच्यांचे सुरू. बाबा आणि काकू जेवण करून कंग्राळीला गेले होते. काकूंच्या भावाकडं काही काम आहे, असं मला सांगितलं. आई मागच्या खोलीत धाग्याच्या कांड्या भरत होती. मी डबी आणि माझी वही घेऊन आप्पांसमोर बसले. वही कशाला घेतली? सवय. काही लावलं की वेळ लिहायची.

त्यांच्या हाताच्या टोकाला त्या दिवशी सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नव्हता. मी बोट पुढं केलं आणि त्यांनी दात आवळले. मी थांबले.

"ह्याला लाव," त्यांनी डावा हात पुढं केला.

"हा कुठं दुखतोय?"

"तसाच हाय की त्यो बी. लाव."

म्हणून मी डाव्या हाताला लावायला घेतलं. ते सांगत गेले. अंगठ्याच्या खाली. आता मधल्या बोटाच्या मुळाशी, तिथं नख रुतलंय. मी डाव्या तळव्यावर तिथं तिथं जेल चोळत होते आणि आप्पा माझ्या हातांकडं बघतच नव्हते. ते उजवीकडं बघत होते, जिथं बाही दुमडून पिन लावली होती, तिच्याही थोडं पुढं, मोकळ्या जागेत.

"गार लागलं," ते म्हणाले.

"फ्रीजमधलं हाय, आप्पा."

"ह्याला न्हवं. त्याला."

मी चोळायचं थांबवलं. ते म्हणाले, थांबू नको. शेजारचा माग खडखडत होता. मग आप्पांचा श्वास बदलला आणि ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "करंगळी सुटली."

मी डाव्या हातानं वही ओढली. तीन चाळीस.

"तिच्या शेजारची बी." थोडा वेळ गेला. "मधलं. ह्ये अंगठ्याजवळचं अडून बसलंय… सुटलं. अंगठा बी सुटला गं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. मग त्यांनी खाली फरशीकडं बघितलं.

"धागा पडला," ते म्हणाले.

मीही खाली बघितलं. दोघंही आम्ही त्या फरशीकडं बघत राहिलो. तिथं काही नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली होती. तीन त्रेचाळीस.

आप्पा लगेच झोपले, तिथंच, भिंतीला टेकून. हात गेल्यापासून त्यांना असं गाढ झोपलेलं मी बघितलं नव्हतं. मी डबीचं झाकण लावलं. मी त्या डबीत काय आहे ते जाणत होते. त्यात काहीही नव्हतं.

दिवेलागणीला बाबा आणि काकू परतले. काकू सरळ आत आप्पांना बघायला गेल्या. बाबा मागच्या दारी नळाखाली हात धूत होते आणि बराच वेळ धूत होते. नखांत माती अडकली होती. मी टॉवेल घेऊन गेले.

"शेतात काम केलासा?"

त्यांनी दाराकडं बघितलं. "आप्पाला सांगू नको. तुझ्या काकूनं ऐकलं न्हाय. ती म्हणाली, हात मुठीतच पुरलाय, म्हणून आवळतोय. बोटं सरळ केल्याबिगर सुटायचा न्हाय. रोज तेच. शेवटी गेलो. उकरलं."

मी नळ बंद केला.

"हाडंच ऱ्हायल्यात. पर मातीनं धरून ठेवलेली, मूठ तशीच. मी एक एक बोट सोडवलं. तुझी काकू पाणी शिंपडत हुती. नव्या कापडात गुंडाळून परत ठिवलं."

"किती वाजता, बाबा?"

"काय?"

"उघडलं तवा किती वाजलं असतील?"

बाबा आठवत राहिले. "साडेतीनला पोचलो. उकराय थोडा येळ लागला. झाल्यावर तिचा भाऊ घड्याळ बघून म्हणाला, पावणेचार झाले, चला चहा घिऊया. का गं?"

"कुठल्या बोटापास्नं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ओले हात पुढं करून, डाव्या हातानं उजव्याची मूठ उघडून दाखवली. करंगळीपासून. अगदी हळू.

मी नळाजवळच्या पायरीवर बसले. वही वर खोलीत होती, पण त्यातले आकडे मला समोर दिसत होते. बाबांना एक गोष्ट विचारायची होती. मुठीत काही सापडलं का? ती मी त्या दिवशी विचारली नाही. नंतरही कधी विचारली नाही.

सोमवारी कामावर गेले. डबी जाग्यावर ठेवली. साहेब एकटे असताना विचारलं, "बिनऔषधाच्या जेलनं कधी दुखणं थांबतं का, सर?"

"नेहमी थांबतं, अम्मा," ते म्हणाले. "सगळ्यांचं नाही. पण थांबतं. म्हणून तर आपलं काम अवघड आहे. कुणी मायेनं चोळलं तरी अर्धं जातं. त्याच्या वर आपलं औषध काय करतं, ते दाखवायचं." त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. पुढं काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून डब्या मोजून कपाटात ठेवायला लागले. मी तेव्हाच त्यांना खरं सांगायला हवं होतं. आठवड्यानं सांगितलं. त्यांनी कानडीत एक वाक्य ऐकवलं, त्याचा अर्थ साधारण असा, की विस्तवाशी खेळणाऱ्याला आधी चटका बसत नाही, आधी उजेड दिसतो. मग म्हणाले, इस्पितळात दुखण्याचा वेगळा विभाग असतो, काकांना तिथं घेऊन जा.

त्याप्रमाणे मी आप्पांना बेळगावातल्या एका इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टर माझ्याहून फार मोठी नव्हती. मूठ सुटल्याचं ऐकून तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, हात जातो, पण डोक्यातली त्याची जागा जात नाही, ती जागा हाताची वाट बघत राहते. टोकाच्या आगीसाठी तिनं दुकानात मिळणारं बधिर करणारं जेल लिहून दिलं. मी चिठ्ठी वाचली. आम्ही ज्यावर काम करत होतो तेच औषध. आणि घरी एक आरसा घ्यायला सांगितला. आरसा दोन हातांच्या मधे उभा करायचा, उजवा त्याच्या मागं, आणि आरशात डाव्याला बघत तो हळूहळू उघडायचा, मिटायचा. डोळ्यांना दोन हात दिसतील.

काकूंच्या कपाटाचा आरसा आम्ही सोडवून आणला. पहिल्या दिवशी आप्पा आरशाशी बसलेले असताना काकू चहा घेऊन आल्या. दारातून त्यांना आप्पांचे दोन हात दिसले, पहिल्यासारखे, दोन्ही एकदम उघडत, मिटत. त्या उंबऱ्यावर थांबल्या. मग पुढं आल्या आणि चहाचा कप आप्पांच्या उजव्या बाजूला ठेवला, रोज ठेवायच्या तिथं, आणि निघून गेल्या. आप्पांनी त्या कपाकडं बघितलं. मी तो उचलून डावीकडं ठेवला नाही. चहा तिथंच गार झाला.

टोकाची आग महिन्याभरात कमी झाली. रोज सकाळी मी जेल लावायची आणि बसला पळायची. त्याच सुमाराला आप्पा एकदा म्हणाले, "हात जवळ आलाय."

"म्हंजे?"

"पयला कसा, जिथं असायचा तिथं हुता. आता मनगटच न्हाय. तळवा हितं चिकटलाय, टोकाला." त्यांनी दाखवलं. मला त्या मोकळ्या जागेत काही दिसलं नाही, पण त्यांची नजर कुठं थांबली ते दिसलं. आधीपेक्षा वीतभर अलीकडं.

दोन आठवड्यांनी म्हणाले, "लहान झालाय गं. पाच वर्साच्या पोराचा असतोय तेवढा."

मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, असं होतं, चांगलं लक्षण आहे, हात हळूहळू आत सरकत जातो आणि बऱ्याचदा नाहीसा होतो. मी ते आप्पांना सांगितलं, आणि "चांगलं लक्षण" म्हणताना त्यांचा चेहरा बघून वाक्य अर्ध्यात सोडलं.

त्यानंतर ते मला रोज सकाळी मोजमाप सांगायचे. बाळाचा हात. मग नुसती बोटं, कोपराच्या कातडीखाली, बीसारखी. आम्ही दोघं ते असं बोलायचो जसं कुणी पावसापाण्याचं बोलतं. आई म्हणायची, तुमी दोघं काय बोलताय ते मला ऐकवत न्हाय, आणि आत जायची. मी जेल लावताना हात हलका ठेवायला लागले. त्या कातडीखाली कुणाचीतरी बोटं आहेत आणि ती माझ्या बोटांपासून केसभर अंतरावर आहेत, असं मला वाटायचं. मी फार्मसी शिकलेली होते. तरी वाटायचं.

एके दिवशी सकाळी मी जेलची ट्यूब घेऊन गेले तर आप्पा म्हणाले, "नको."

"दुखत न्हाय?"

"न्हाय दुखत. काय बी न्हाय तिथं." त्यांनी डाव्या हातानं उजवा दंड चाचपला, कोपर, टोक. परत चाचपलं. "गेला."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही थोडंच. घरात सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता. आप्पा मात्र इस्पितळातून आले तेव्हापेक्षाही खचलेले दिसत होते. बाबांनी चिडून विचारलं, दुखणं गेलं तर रडतोस का? आप्पा म्हणाले, "दुखत हुतं तवर हात हुता रं."

मग आप्पा हाताचं टोक साबणानं घासून धुवायचे, जेलचा अंश राहू नये म्हणून. आठवडाभर काही लावलेलं नव्हतं तरी धुवायचे. मला म्हणायचे, "तू लावलीस त्येनं त्यो आत गेला. आता त्येला बाहेर काढायचं कायतरी कर की. तुमी शिकलेली माणसं. आत घालायचं औषध हाय, मग बाहेर काढायचं न्हाय व्हय?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. पहिल्या दिवशीच्या डबीत औषध नव्हतं. नुसतं घट्ट केलेलं पाणी होतं. मी खोटं बोलले. मला वाटलं ते रागावतील.

"मग मूठ कुणी सोडवली?" त्यांनी विचारलं.

काकू दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमी." आणि कंग्राळीचं सगळं सांगून टाकलं, पदर तोंडाशी धरून, एका दमात.

आप्पा तेव्हा मात्र रागावले. इतके रागावलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. "माझा हात," ते ओरडले, "मला न इचारता? माझा हात तुमी उकरलासा, आन मलाच म्हाईत न्हाय?" काकू रडत होत्या. मग ते एकदम थांबले आणि लहान आवाजात म्हणाले, "कुठं हाय? मला न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि त्यांना स्कूटरवर मागं बसवून कंग्राळीला नेलं. काकूंचे भाऊ बांधापर्यंत आले, जागा दाखवून परत फिरले. करंजाखाली मातीचा एक भाग आजूबाजूपेक्षा थोडा मऊ होता, एवढीच खूण. आप्पा तिथं उकिडवे बसले. माती हातानं सारखी केली, खडे वेचून बाजूला टाकले, साडीवरची चूक शोधायचे तसं बोट फिरवलं. बराच वेळ. मी दूर स्कूटरजवळ उभी राहिले. मग ते उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "चल."

परत येताना गाव सोडून थोडं पुढं आलो असू. त्यांनी माझ्या खांद्यावर एकदम थापटलं. "थांब. थांब गं."

मी गाडी कडेला घेतली. ते उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मान एका बाजूला कलती करून, लांबून कुणी हाक मारल्यावर ऐकतो तसे. रिकामी बाही वाऱ्यानं हलत होती.

"काय झालं, आप्पा? दुखतंय?"

"खाजतंय," ते म्हणाले. "अंगठ्याजवळचं बोट. पेराला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. उसाचा एक ट्रॅक्टर आमच्या जवळून गेला. त्यांनी मला हातानं गप्प राहायची खूण केली. मला वाटतं दोन-तीन मिनिटं गेली असतील. वही बरोबर नव्हती.

"गेलं," ते म्हणाले. पण चेहरा सैल झाला होता. ते परत मागं बसले आणि घरी येईपर्यंत माझा खांदा धरून होते.

ह्याला आता काही वर्षं झाली. आमचं जेल पुढच्या तपासण्यांत गेलं, माणसांवर, रीतसर, दोन डब्या घेऊन, आणि आमचं औषध बिनऔषधाच्या डबीपेक्षा सरस ठरलं, थोडंच, पण ठरलं. मी अजून तिथंच आहे. आप्पा आमच्या मागांवर नक्षी आणि रंग बघतात, डाव्या हातानं साडी तपासतात. उजवा हात वर्षातून तीन-चारदा येतो, कधी खाज होऊन, कधी नुसता गारवा होऊन, आणि थोड्या वेळानं जातो. तो आला की ते कुणाला सांगत नाहीत, पण मान कलती होते आणि मला कळतं. मागच्या महिन्यात मी जवळच होते. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तू काय लावू नको हं." आणि डोळे मिटून बसले.